रोज धावणारी, मूळ रूपातली फियाट ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रस्त्यावर एखादी जुनी फियाट किंवा पद्मिनी दिसली, तर ती रिस्टोअर केलेली (उघडून पुन्हा नव्यासारखी बांधलेली) आहे की घेतल्यापासून तशीच, 'हात न लावलेली', रोजच्या वापरात आहे, हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि अशा गाड्या बघायला कुठे जायचं?

मी पुण्यात ३७ वर्षं फियाटचं काम करतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. बहुतेकजण गाडीचा रंग उडालाय का, गंज दिसतोय का, एवढंच बघतात आणि तिथेच चुकतात. रंग उडालेली गाडी दहा वर्षं झाडाखाली उभी असलेलीही असू शकते. उलट रोज चालणारी गाडी अगदी स्वच्छ, पुसलेलीही असते. बघायची ती झीज. हात, पाय, कोपर, किल्ली, वायपर जिथे वर्षानुवर्षं एकाच जागी लागतात, तिथली झीज कुणाला पैसे देऊन करून घेता येत नाही आणि नुसत्या उभ्या गाडीवर ती येत नाही.

आधी गाड्यांची नावं समजून घेऊ, कारण सगळ्यांना सरसकट 'फियाट' म्हणायची आपली सवय आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९५४ च्या सुमारास तिथे फियाट ११०० येऊ लागली. गोलसर पाठीची, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी, तिलाच आपण डुक्कर फियाट म्हणतो. १९६४ ला डिलाइट आली, तो चौकोनी बांधा पुढे अखेरपर्यंत टिकला. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७४ च्या आसपास तीच गाडी प्रेसिडेंट झाली आणि लगेच पुढे पद्मिनी. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. इंजिन बहुतेक सगळ्यांत तेच, चार सिलिंडरचं १०८९ सीसी. हे माहीत असलं की पहिली खूण तिथेच सापडते. ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीच्या नाकावर चकचकीत 'फियाट'चा बिल्ला दिसला, तर तो नंतर लावलाय. रिस्टोअर करणाऱ्यांना तो बिल्ला फार आवडतो. मूळ गाडीवर 'प्रीमियर' लिहिलेलं असतं आणि रोज वापरणाऱ्या मालकाला ते बदलावंसं वाटत नाही.

आता नंबर प्लेट. पूर्वी हाताने रंगवलेली पाटी बघून गाडी किती जुनी ते कळायचं. हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाल्यापासून पाटी सगळ्यांचीच नवी, त्यामुळे पाटीवर जाऊ नका, नंबरवर जा. 'एमएच-१२' सारखी रचना १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये लागू झाल्यानंतर रुळली. त्याआधीच्या गाड्यांवर नुसती तीन अक्षरं आणि चार आकडे असायचे, 'एमएम' किंवा 'एमआर' सारख्या अक्षरांनी सुरू होणारे. असा नंबर अजून गाडीवर असेल तर ती महाराष्ट्रातच राहिलेली आहे, आणि कागदपत्रं मध्ये तुटलेली नाहीत असं समजायला हरकत नाही.

याच्या उलट, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं दिसली तर ती तुम्ही शोधताय ती गाडी नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशा गाडीने प्रदर्शनाला, रॅलीला जावं, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला जावं, पण रोज ऑफिसला किंवा भाजीला जाता येत नाही. म्हणून जो माणूस गाडी खरंच वापरतो, तो जुना साधा नंबरच ठेवतो आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घेतो. हे पासिंग सोपं नाही. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० झालं, वर पर्यावरण कर. एवढा खर्च करून, रांगेत उभं राहून, ब्रेक-लाइट दाखवून जो माणूस चाळीस वर्षांची गाडी पास करून आणतो, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता गाडीजवळ जाऊ. माझ्याकडे येणारी एक फिकट निळी पद्मिनी आहे, १९७९ ची. एका निवृत्त शिक्षिकेची. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतली, ते गेल्यावर त्या स्वतः चालवू लागल्या आणि आजही चालवतात. तुम्हाला काय बघायचं ते कळावं म्हणून त्या गाडीचंच उदाहरण देतो.

ड्रायव्हरच्या दरवाजाची किल्ली लावायची जागा बघा. कुलपाभोवती, खालच्या बाजूला, अर्धगोलात बारीक ओरखडे आहेत. किल्लीच्या जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या रोज तिथे घासल्यात, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. डावीकडच्या दरवाजाचं कुलूप मात्र जवळजवळ कोरं आहे, कारण तो दरवाजा आतूनच उघडला जातो. त्याच डाव्या हँडलमागे पत्र्यावर आडव्या, बारीक रेषा आहेत. त्या बांगड्यांच्या. बाईंच्या सासूबाई कितीतरी वर्षं तिथून आत बसायच्या. रिस्टोअर केलेल्या गाडीत दोन्ही कुलपं सारखीच चकाकतात, आणि उभ्या गाडीत दोन्हीवर सारखाच गंज असतो. दोन दरवाजांच्या झिजेत असा फरक दिसला की समजायचं, गाडीला माणसांची सवय आहे.

मग समोरची काच. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप पडते तेव्हा जरा वाकून बघा. वायपरच्या फेरीएवढी कमान काचेत कोरलेली दिसते, केसासारख्या शेकडो रेषांची. पावसाळ्यात वायपर चालतोच, पण ही रेष पडते ती पाऊस थांबल्यावर चिखल उडतो तेव्हा, आणि जून-जुलैत पहिल्या धुळीवर कोरडा वायपर फिरतो तेव्हा. प्रत्येक पावसाळ्याची थोडी थोडी भर. गाडी तीस-चाळीस पावसाळे चालल्याची याहून चांगली नोंद मला माहीत नाही. रिस्टोअर करताना काच पहिल्या फटक्यात बदलली जाते. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले कारखान्याचे छाप एकमेकांशी जुळतात का तेही बघून घ्या. एक काच वेगळी असली तर घाबरू नका, चाळीस वर्षांत एखादा दगड लागणारच. सगळ्याच काचा नव्या असतील तर मात्र गाडी पूर्ण उघडून बांधली आहे.

खिडकीतून आत डोकावायचं असेल तर मालकाला विचारा. आत काय दिसतं ते सांगतो. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, डाव्या हाताला. त्याच्या बोंडावरची रेघ पुसून ते गुळगुळीत होतं. गिअरच्या सांध्यातले बुश झिजतात, मग दांडा थोडा खाली लोंबतो आणि न्यूट्रलमध्ये हलवला की खेळतो. स्टिअरिंगवर घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी चमक वेगळी असते. ड्रायव्हरच्या उजव्या कोपराखाली दरवाजाच्या कडेचा रंग जाऊन खालचा प्रायमर, कधी पत्राही दिसतो. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने जास्त झिजलेलं असतं, ब्रेकचं मधोमध. पुढची लांब सीट उजवीकडे बसकी झालेली असते, डावीकडे फुगीर राहते. माझ्या या बाई उंचीने कमी आहेत, म्हणून सीटवर एक जाड पाट ठेवून वर घडी केलेली सतरंजी घातली आहे. त्या सतरंजीचाही मधला भाग विरलाय. अशी वस्तू कुणी दिखाव्यासाठी ठेवत नाही.

आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर बघून किलोमीटर मात्र मोजत बसू नका. या मीटरला पाचच आकडे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून. १८,००० दिसले तर ती गाडी १,१८,००० चालली असेल, २,१८,००० ही असेल. केबल तुटून मीटर वर्षभर बंद पडलेला असणं तर नेहमीचंच.

रंगाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. मूळ रंग जुना झाला की चुन्यासारखा भुकटा होतो, बोटाला लागतो. वर्षानुवर्षं पॉलिश मारलेल्या गाडीवर उलट होतं. सपाट जागी रंग छान असतो, पण बॉनेटच्या आणि मडगार्डच्या उंच कडांवर तो पातळ होऊन खालचा रंग डोकावतो. हाताने, फडक्याने, दर रविवारी पुसल्याची ही खूण आहे आणि मला ती फार प्रिय आहे. नव्या रंगात कडा आणि सपाटी सारखीच जाड असते. दरवाजा उघडून बिजागरीच्या बाजूला बघा, रबराच्या बीडिंगखाली बघा, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. बाहेरचा आणि आतला रंग एकच, फक्त बाहेरचा फिकट झालेला, असं दिसलं तर तो मूळ रंग. रबरावर, स्क्रूवर रंगाचे शिंतोडे असतील तर न उघडता फवारा मारलाय. लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, किती भरली आहे ते कळायला साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून चालतं. जिथे पकड सैल होते तिथे लांबी जाड. पण दुसऱ्याच्या गाडीला परवानगीशिवाय चुंबक लावू नका.

एक खास मुंबईची गोष्ट. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं भंगारात गेलेल्या टॅक्सींचे दरवाजे, डिक्या, मडगार्ड खासगी गाड्यांना लागत होते, मीही लावलेत. म्हणून एखाद्या पांढऱ्या पद्मिनीच्या दरवाजाच्या आत, ट्रिमच्या पत्र्यामागे काळा रंग दिसला तर तो दरवाजा टॅक्सीचा आहे. माझ्या मते यामुळे गाडीचं मोल कमी होत नाही. सायनच्या सिग्नलवर कुणीतरी ठोकलं, सोमवारी कामावर जायचं होतं, दरवाजा मिळाला तो लावला. वापरातल्या गाडीचं आयुष्य असंच असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या प्रश्नात 'हात न लावलेली' असा शब्द आलाय. पूर्ण हात न लावलेली आणि तरी रोज चालणारी फियाट नसतेच. इंजिन बोअरिंगला गेलेलं असतं, रिंगा बदललेल्या असतात, किंगपिन बदललेल्या असतात, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना नवं पान घातलेलं असतं. मुंबईच्या, कोकणच्या, गोव्याच्या गाडीत खारी हवा खालचा पत्रा खातेच, तेव्हा रबर मॅटिंगखाली फ्लोअरला ठिगळ असणारच. दरवाजांच्या खालच्या कडा आणि स्टेपनीची खाच हीही सडायची ठिकाणं. देशावर, पुणे-सोलापूर-कोल्हापूरकडे हवा कोरडी, तिथे मूळ फ्लोअर टिकलेला सापडतो. मी फरक असा करतो: काम गाडी चालू ठेवायला केलंय की नवी दिसायला केलंय? चालू ठेवायला केलेलं काम वेगवेगळ्या वर्षांचं असतं, वेगवेगळ्या हातांचं असतं. एक ठिगळ गॅस वेल्डिंगचं, दुसरं इलेक्ट्रिकचं, तिसऱ्यावर डांबर फासलेलं. नवी दिसायला केलेलं काम एकाच महिन्यातलं असतं, म्हणून सगळीकडे एकसारखं दिसतं.

बॉनेट उघडायला मिळालं तर हेच तत्त्व लावा. रोजच्या गाडीत झिजणाऱ्या वस्तू नव्या असतात आणि न झिजणाऱ्या जुन्या. बॅटरी गेल्या वर्षा-दोन वर्षांतली, फॅन बेल्ट लवचिक, प्लगच्या वायरी बदललेल्या. पेट्रोलचा रबरी पाइप आणि त्याचे क्लॅम्प तर हल्ली नवेच दिसायला हवेत. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर आल्यापासून जुनं रबर टिकत नाही. पाइप मऊ पडतो, पंपाचा पडदा फुगतो. रोज चालवणाऱ्याला हे दोन महिन्यांत कळतं आणि तो बदलून घेतो. उभ्या गाडीत तोच जुना, भेगा पडलेला पाइप असतो आणि कार्बोरेटरच्या तळाशी शिळ्या पेट्रोलचा चिकट थर. एअर फिल्टरचा डबा, चासी नंबरची पट्टी, बल्कहेडवरचा (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावरचा) रंग हे मात्र जुनं, तेलकट धुळीने माखलेलं असावं. तो भाग आरशासारखा असेल तर गाडी प्रदर्शनाला जाते.

डिकीत काय ठेवलंय तेही बोलकं असतं. पाण्याची पाच लिटरची बाटली, जुनं सुती फडकं, प्लग पाना, जादा फॅन बेल्ट, कागदात गुंडाळलेला कंडेन्सर आणि पॉइंटचा सेट (प्लगच्या ठिणगीसाठी लागणारे भाग), चाकाला लावायचा लाकडी ठोकळा. फडकं का, ते आजच्या मुलांना ठाऊक नसतं. उन्हाळ्यात कात्रज किंवा खंबाटकी घाट चढताना इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते, पुरवठा तुटतो आणि गाडी बंद पडते. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, गाडी पुन्हा निघते. त्या फडक्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ते वापरात आहे.

उभ्या गाडीच्या खुणा वेगळ्या. टायर एका बाजूला चपटे झालेले, ब्रेकचे ड्रम आतून चिकटलेले (या गाड्यांना डिस्क ब्रेक नाहीतच), वायपरचं रबर काचेला धरलेलं, काचेच्या खालच्या फटीत पानांचा चुरा. गाडी खाली जमिनीवर काय आहे ते बघा. रोजच्या गाडीखाली तेलाचा एकच गोल डाग असतो, मधला भाग ओला आणि कडा जुन्या काळ्या, कारण ती रोज त्याच जागी येऊन उभी राहते. उभ्या गाडीखाली कोरडी माती आणि गवत.

कुठे बघायचं? रॅलीला जाऊ नका, म्हणजे जरूर जा, पण या गाड्या तिथे मिळणार नाहीत. सकाळी सात ते नऊ भाजी मंडईच्या आसपास, महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनच्या दिवसांत जुन्या सहकारी बँकांबाहेर, दवाखान्यांबाहेर. मुंबईत दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी, माटुंगा, पार्ल्याच्या जुन्या सोसायट्या. पुण्यात प्रभात रोड, एरंडवणे, आणि पेठांमधले ते वाडे जिथे अजून दिंडीदरवाजाशेजारी गाडीला जागा आहे. कोल्हापुरात आणि गोव्याच्या गावांतही घराच्या ओट्याला लागून उभ्या असलेल्या दिसतील. पण पार्किंगमधली गाडी एकदा बघून ठरवू नका. तीन वेगळ्या दिवशी जा. जागा रिकामी दिसली, तर ती चालते.

मालक भेटले तर पहिलाच प्रश्न 'विकणार का?' असा विचारू नका. ही माणसं त्या प्रश्नाला कंटाळली आहेत. फोटो काढायचा तर विचारून काढा आणि कुठे टाकणार असाल तर नंबर झाका. मी विचारतो तो प्रश्न चोकबद्दल, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या कळीबद्दल असतो: "सकाळी चोक किती ओढावा लागतो?" जो रोज चालवतो त्याचा हात उत्तर देताना आपोआप हवेत जातो, बोटं चिमटीत धरतात, आणि तो सांगतो, "थंडीत पूर्ण, दोन मिनिटांनी अर्धा, एरवी लागतच नाही." जो चालवत नाही तो म्हणतो, "कंडिशन एकदम मस्त आहे."

शेवटी एक विनंती, कारण हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. एका गिऱ्हाइकाची १९६८ ची डिलाइट होती, मूळ राखाडी रंगाची, वडिलांपासून चालत आलेली. मुलाने हौसेने ती दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपला दिली. आठ महिन्यांनी गाडी लालभडक होऊन आली. मूळ काचा, दरवाजांची हँडल, सीटचं कापड, सगळं भंगारात गेलं होतं आणि विचारल्यावर "जुनंच होतं ना ते" एवढंच उत्तर मिळालं. ती गाडी आता वर्षातून दोनदा बाहेर निघते. तुम्हाला पुढेमागे अशी गाडी सापडली आणि ती घ्यायचं मनात आलं, तर रंगाच्या आधी ब्रेक, पेट्रोलचे पाइप आणि वायरिंग करून घ्या, आणि जे काढाल ते पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा. मूळ कुलपं तर काढूच नका. आतले भाग झिजले असतील तर चांगला किल्लीवाला तीच कुलपं उघडून नीट करून देतो.

त्या १९७९ च्या पद्मिनीचं काम उद्या सकाळी आहे. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा सिलिंडर गळतोय. बाईंनी दुपारी तीनला गाडी परत हवी म्हणून सांगितलंय, त्यांना नातीला शाळेतून आणायचं असतं.